ऑनलाइन बैठकीसाठी प्रणाली कशी निवडावी? वेर्णा ते पीथमपूर-देवास : उद्योजकांसाठी मार्गदर्शक

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. माळव्यातील ही पवार घराण्याची संस्थाने. देवास या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदत होत्या. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. आज मात्र या दोन जिल्ह्यांची ओळख प्रामुख्याने कारखान्यांमुळे आहे. इंदूरच्या नैऋत्येला, धार जिल्ह्यात पीथमपूर ही वाहननिर्मिती आणि औषधनिर्मितीची मोठी औद्योगिक वसाहत आहे. वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेला ११.३ किलोमीटर लांबीचा 'नॅट्रॅक्स'चा वेगवान मार्ग तिथलाच. इंदूरच्या ईशान्येला असलेल्या देवासमध्ये नोटा छापणारी बँक नोट प्रेस आहे आणि पंपांपासून दातेरी चक्रांपर्यंत अनेक वस्तूंचे कारखाने आहेत.

गोव्यातील उद्योगांचा या भागाशी असलेला संबंध फारसा चर्चेत येत नाही, पण तो जवळचा आहे. सिप्ला, ल्युपिन आणि ग्लेनमार्क या तिन्ही औषध कंपन्यांचे उत्पादन गोव्यातही होते आणि पीथमपुरातही. फोर्स मोटर्सचे मुख्यालय पुण्यात आणि एक कारखाना पीथमपुरात. किर्लोस्कर ब्रदर्सचे मुख्यालय पुण्यात आणि एक कारखाना देवासमध्ये. अशा मोठ्या उद्योगांना वेष्टने, सुटे भाग, यंत्रदुरुस्ती, संगणकीय सेवा पुरवणाऱ्या लहान आस्थापनांना एकाच वेळी दोन-तीन राज्यांतील लोकांशी बोलावे लागते. पणजी ते इंदूर हे अंतर रस्त्याने हजार किलोमीटरांच्या घरात आहे. प्रत्येक चर्चेसाठी इतका प्रवास शक्य नाही, म्हणून ऑनलाइन बैठक ही आता सोय राहिली नसून व्यवसायाचा नित्याचा भाग झाली आहे.

मोठ्या कंपनीत ही निवड माहिती तंत्रज्ञान विभाग करतो. लहान आस्थापनात ती बहुधा मालकाला किंवा हिशेबनिसाला करावी लागते आणि जाहिरातीतील वैशिष्ट्यांची यादी पाहून ती केली जाते. वास्तविक निवडीचे निकष दोनच आहेत. बैठकीतील सर्वांत कमकुवत जोडणी असलेली व्यक्ती तिच्यात नीट सहभागी होऊ शकते का, आणि बैठक संपल्यावर हवा तो पुरावा हाती राहतो का? बाकी सारे या दोहोंनंतर.

बैठकीचे तीन प्रकार

सर्व बैठकांना एकच माप लावता येत नाही. व्यवसायातील ऑनलाइन बैठका ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार दैनंदिन समन्वयाचा. माल निघाला का, यंत्र कधी सुरू होणार, बिल कुठे अडले, असे प्रश्न यात येतात. सहभागी तीन-चार, वेळ पंधरा-वीस मिनिटे. यात मुद्रणाची गरज नसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटसंवादात ३२ जण सामील होऊ शकतात आणि अशा कामाला ते पुरेसे आहे. मात्र ठरलेली गोष्ट नंतर दोन ओळींत लिहून पाठवण्याची शिस्त हवी, कारण अशा संवादाचे इतिवृत्त आपोआप तयार होत नाही.

दुसरा प्रकार ग्राहक आणि पुरवठादार यांच्यातील चर्चेचा. आराखडे, दर, गुणवत्तेच्या तक्रारी, करारातील अटी हे तिचे विषय. येथे कागद पडद्यावर दाखवता येणे, तो समोरच्याला स्पष्ट वाचता येणे आणि बाहेरच्या कोणाला प्रवेश न मिळणे महत्त्वाचे ठरते.

तिसरा प्रकार कायद्याने बांधलेल्या बैठकांचा. खासगी मर्यादित कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. येथे प्रणालीची निवड चुकली तर ठरावाच्या वैधतेवरच प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

एखाद्या आस्थापनाच्या बहुतेक बैठका पहिल्या प्रकारच्या असतील, तर तिसऱ्या प्रकारासाठी लागणारी महाग योजना सर्वांसाठी घेणे व्यर्थ आहे. उलट, पहिल्या प्रकाराच्या सवयीने तिसऱ्या प्रकारची बैठक घेणे धोक्याचे आहे.

सर्वांत कमकुवत जोडणीचा हिशेब

कार्यालयात फायबरची जोडणी आहे म्हणून बैठक सुरळीत होईल, असे गृहीत धरता येत नाही. पीथमपूरच्या कारखान्यात पत्र्याच्या छपराखाली उभा असलेला पर्यवेक्षक मोबाइलवरून बोलत असेल, तर बैठकीचा दर्जा त्याच्या जोडणीवर ठरतो. त्यातही माहिती घेण्याच्या वेगापेक्षा पाठवण्याचा वेग पाहावा. अनेक जोडण्यांमध्ये तो कमी असतो आणि आवाज तुटण्याचे मूळ बहुधा तिथेच असते.

झूमने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडे अंदाजासाठी उपयोगी पडतात. गटबैठकीत साधारण चांगल्या चित्रासाठी पाठवताना सुमारे १ एमबीपीएस आणि घेताना ०.६ एमबीपीएस वेग लागतो. ७२०पी दर्जाच्या चित्रासाठी हे प्रमाण २.६ आणि १.८ एमबीपीएस होते. केवळ आवाजासाठी ६० ते ८० केबीपीएस पुरतात. चेहरे बंद ठेवून फक्त पडदा दाखवायचा असेल, तर ५० ते ७५ केबीपीएस पुरे.

हेच आकडे डेटाच्या हिशेबात मांडले तर फरक अधिक स्पष्ट होतो. साधारण चित्राच्या एका तासाच्या गटबैठकीला सुमारे ७२० एमबी, ७२०पी चित्राला सुमारे २ जीबी आणि केवळ आवाजाला दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त ७२ एमबी डेटा लागतो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर ७२०पी दर्जाची तासाभराची बैठक पूर्ण होणार नाही. तीच व्यक्ती कॅमेरा बंद ठेवून, आवाज आणि आराखडा एवढ्यावर बैठकीत बसली, तर दिवसभराच्या सर्व बैठका त्याच योजनेत बसतील. कारखान्याशी होणाऱ्या चर्चेत चेहऱ्यापेक्षा आराखडा महत्त्वाचा असतो. म्हणून चित्राचा दर्जा कमी करण्याची किंवा येणारी चित्रे बंद करण्याची सोय ज्या प्रणालीत सहज सापडते, ती अशा कामाला अधिक योग्य.

वेगाइतकाच विलंबही पाहावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने आवाज पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण नैसर्गिक राहते. विलंब त्याहून बराच वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात. दरांच्या वाटाघाटीत असे अडखळणे गैरसमजाला कारण होते. चित्र स्पष्ट असूनही संभाषण जमत नसेल, तर दोष बहुधा विलंबाचा असतो.

यंत्रांच्या आवाजात लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन कुचकामी ठरतो. तोंडाजवळ मायक्रोफोन असलेला साधा हेडफोन आणि राऊटरसाठी छोटा यूपीएस या दोन वस्तूंवरील खर्च कोणत्याही महागड्या योजनेपेक्षा अधिक फळ देतो.

मोफत सेवेच्या मर्यादा

झूमच्या मोफत योजनेत १०० जण सहभागी होऊ शकतात, पण बैठक ४० मिनिटांनी थांबते. गूगल मीटच्या मोफत सेवेतही १०० जणांची मर्यादा आहे. तीन किंवा अधिक जण असल्यास ६० मिनिटे मिळतात. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या मोफत आवृत्तीत गटबैठकीसाठी ६० मिनिटे आणि १०० जण अशीच मर्यादा आहे. कंपन्या या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून निर्णय घेण्याच्या दिवशी त्या पुन्हा पाहाव्यात.

वेळेपेक्षाही दोन मर्यादा अधिक जाचक ठरतात. पहिली मुद्रणाची. झूमच्या मोफत योजनेत मुद्रण केवळ आपल्या संगणकावर साठवता येते, कंपनीच्या सर्व्हरवर नाही; गूगल मीटच्या मोफत सेवेत मुद्रणाची सोय नसते. दुसरी मर्यादा मालकीची. मोफत खाते बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेले असते. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की बैठकांचे दुवे, मुद्रणे आणि संदेश त्याच्याबरोबर जातात. सशुल्क योजना घेण्याचे खरे कारण बहुतेकदा हे असते.

खर्च मोजताना 'प्रति यजमान' आणि 'प्रति वापरकर्ता' यांतील फरक समजून घ्यावा. अनेक योजनांत शुल्क फक्त बैठक बोलावणाऱ्यासाठी असते, येणाऱ्यांसाठी नाही. वीस जणांच्या आस्थापनात बैठक बोलावणारे तिघेच असतील तर तीन परवाने पुरेत. वर्गणीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत व्यवसायाला त्याचा परतावा जमेत धरता यावा म्हणून बिल आस्थापनाच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे.

गोपनीयता : अनुभवाने शिकवलेले

डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत दिवसाला सुमारे १ कोटी सहभागींची नोंद होत होती. मार्च २०२० मध्ये ती संख्या २० कोटींवर गेली. या वाढीबरोबर परक्यांनी बैठकांत घुसण्याचे प्रकारही वाढले. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने झूम सुरक्षित नसल्याची सूचना प्रसृत केली. शासकीय कामासाठी ते वापरू नये असे सांगितले आणि खासगी वापरासाठी खबरदारीचे उपाय दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झूमला तडजोड करावी लागली. 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असल्याचा दावा कंपनीने प्रत्यक्षात तशी सोय नसताना केला, असा आयोगाचा आक्षेप होता. ऑक्टोबर २०२० पासून झूमने ही सोय खरोखर उपलब्ध करून दिली.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे जाहिरातीतील शब्दावर न जाता सोय चालू आहे का, हे स्वतः तपासावे. दुसरी म्हणजे प्रत्येक सुरक्षेला किंमत असते. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये संभाषण फक्त सहभागींच्या उपकरणांवर उलगडते. सेवा देणाऱ्या कंपनीलाही ते कळत नाही. त्यामुळेच झूममध्ये ही सोय चालू केली की कंपनीच्या सर्व्हरवर मुद्रण करता येत नाही आणि साध्या फोनवरून क्रमांक लावून सहभागी होता येत नाही. औषधाच्या प्रक्रियेचा तपशील किंवा नव्या सुट्या भागाचा आराखडा चर्चेत असेल, तर ही किंमत मोजणे योग्य. कारखान्यातून एखादा सहकारी फक्त फोनवरून जोडला जाणार असेल, तर ते शक्य नाही. अशा वेळी गोपनीय भाग वेगळ्या बैठकीत घ्यावा.

गृह मंत्रालयाने तेव्हा सुचवलेले उपाय आजही कोणत्याही प्रणालीला लागू पडतात. प्रत्येक बैठकीसाठी नवा क्रमांक आणि संकेतशब्द ठेवावा. प्रतीक्षागृह चालू ठेवावे. यजमान येण्यापूर्वी कोणाला प्रवेश देऊ नये. पडदा दाखवण्याचा अधिकार यजमानाकडे ठेवावा. सर्व जण आल्यावर बैठक कुलूपबंद करावी आणि शेवटी केवळ बाहेर न पडता ती समाप्त करावी. बैठकीचे मुद्रण होणार असल्यास सुरुवातीलाच तसे सांगावे. चेहरा आणि आवाज ही व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे आणि 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३' नंतर तिच्या साठवणुकीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

संचालक मंडळाची बैठक

एक संचालक मडगावात, दुसरा पुण्यात आणि तिसरा देवासमध्ये, अशी रचना कौटुंबिक कंपन्यांत आढळते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३(२) नुसार संचालकांना दूरदृश्य माध्यमातून सहभागी होता येते आणि कलम १७४ नुसार असा सहभाग गणपूर्तीसाठी धरला जातो. पूर्वी वार्षिक हिशेबपत्रकांना मंजुरी, विलीनीकरण असे काही विषय या मार्गाने घेण्यावर निर्बंध होते. १५ जून २०२१ च्या दुरुस्तीने तो नियम वगळण्यात आला.

मात्र कार्यपद्धतीचे बंधन कायम आहे. २०१४ च्या नियमांतील नियम ३ नुसार अध्यक्षाने सुरुवातीला हजेरी घ्यायची असते. प्रत्येक संचालकाने आपले नाव आणि तो कोठून बोलत आहे ते सांगायचे, विषयपत्रिका व कागदपत्रे मिळाल्याचे सांगायचे आणि आपल्या जागी अन्य कोणी उपस्थित नाही याची ग्वाही द्यायची. सर्वांना एकाच वेळी, मध्यस्थाविना परस्परांशी बोलता आले पाहिजे. कार्यवाहीची नोंद ठेवून ते मुद्रण किमान त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या दप्तराचा भाग म्हणून जपावे लागते. इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर पंधरा दिवसांत संचालकांना पाठवायचा असतो.

या अटी समोर ठेवल्या की निवड आपोआप अरुंद होते. ४० मिनिटांनी थांबणारी, मुद्रण न देणारी किंवा कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यावर चालणारी सेवा या कामाला अपुरी आहे. वर्षातून किमान चार आणि दोहोंत १२० दिवसांपेक्षा अधिक अंतर नसलेल्या बैठका घ्याव्या लागणाऱ्या कंपनीने एक तरी सशुल्क परवाना कंपनीच्या नावे ठेवावा. लहान कंपन्यांना बैठकींच्या संख्येत काही सवलती आहेत. आपल्याला कोणती लागू होते, हे कंपनी सचिवाला किंवा सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.

तयार सेवा की स्वतःचा सर्व्हर?

झूम, मीट, टीम्स, वेबेक्स, झोहो मीटिंग, जिओमीट या तयार सेवा आहेत. देशी पर्यायांना चालना देण्यासाठी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये स्पर्धा घेतली. तीत केरळमधील आलप्पुळा येथील टेकजेन्शिया या कंपनीचे 'व्हीकन्सोल' विजयी ठरले आणि कंपनीला १ कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले.

दुसरा मार्ग मुक्तस्रोत प्रणालीचा. 'जित्सी मीट' स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि तिच्यासाठी परवाना शुल्क नाही. 'बिगब्लूबटन' प्रामुख्याने शिक्षणासाठी घडवलेली असल्याने कामगार-प्रशिक्षणाला उपयुक्त आहे. परंतु शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे नव्हे. सर्व्हरचे भाडे, अद्ययावतीकरण आणि बैठक सुरू असताना बिघाड झाल्यास धावून येणारा जाणकार हा खर्च उरतोच. असा जाणकार आस्थापनात नसेल, तर तयार सेवाच श्रेयस्कर.

लहान पुरवठादाराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोठा ग्राहक बैठक बोलावतो तेव्हा ती त्याच्याच प्रणालीवर होते. अनेक मोठ्या कंपन्यांचे संगणक दुसरी प्रणाली उघडूच देत नाहीत. म्हणून स्वतःसाठी एक प्रणाली निवडावी, पण ब्राउझरमधून इतर प्रमुख प्रणालींत सामील होण्याची तयारी ठेवावी. ऐन वेळी अ‍ॅप उतरवत बसल्याने वाया जाणारी दहा मिनिटे ग्राहकाच्या लक्षात राहतात.

निर्णयापूर्वीची चाचणी

वर्षभराची वर्गणी भरण्यापूर्वी महिन्याची योजना घेऊन पुढील चाचणी करावी.

१. नेहमीच्या सहभागींची यादी करून प्रत्येकाचे उपकरण, जोडणी आणि बसण्याची जागा लिहावी.

२. बैठक ज्या वेळी आणि ज्या जागेवरून होणार, त्याच वेळी व तिथूनच चाचणी घ्यावी. सकाळी कार्यालयात घेतलेल्या चाचणीवरून दुपारी कारखान्यात काय होईल ते कळत नाही.

३. एक खरा आराखडा पडद्यावर दाखवून पलीकडच्या व्यक्तीला त्यातील सर्वांत लहान आकडा वाचायला सांगावा.

४. एका सहभागीला कोणतेही अ‍ॅप न उतरवता, केवळ ब्राउझरमधून यायला सांगावे.

५. यजमानाची जोडणी मुद्दाम तोडावी. बैठक चालू राहते का आणि सूत्रे कोणाकडे जातात, ते पाहावे. सहयजमान आधीच नेमण्याची सवय येथूनच लागते.

६. मुद्रण करून ते शोधावे, उतरवावे आणि दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावे.

७. आपोआप तयार होणारी उपशीर्षके वा सारांश वापरायचा असेल, तर आपल्या नेहमीच्या भाषेत बोलून पाहावे. माळव्यातील सहकारी हिंदीत, गोव्यातील मराठी-कोकणीत आणि मुख्यालय इंग्रजीत बोलत असेल, तर यंत्राने लिहिलेला सारांश माणसाने तपासल्याशिवाय इतिवृत्त म्हणून स्वीकारू नये.

चाचणीत जिचे चित्र सर्वांत सुंदर दिसले ती प्रणाली निवडायची नसून, ज्या प्रणालीत कारखान्यातील माणसाचा आवाज न तुटता पोहोचला आणि मुद्रण वेळेवर सापडले ती निवडायची आहे.

कोणतीही सेवा कायमची नसते, हेही ध्यानात असावे. एके काळी ऑनलाइन संभाषणाचे दुसरे नावच बनलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले. म्हणून महत्त्वाची मुद्रणे आणि इतिवृत्ते दर महिन्याला सेवेतून उतरवून आस्थापनाच्या स्वतःच्या साठवणुकीत ठेवावीत आणि त्यांची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीवर सोपवावी. पुढे प्रणाली बदलावी लागली, तरी झालेले व्यवहार आणि घेतलेले ठराव आपल्या हाती राहतील.